चीन आणि अमेरिका: सरकार अर्थव्यवस्थेत नेमका कुठे हात घालतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

(रकमा कोटी आणि लाख कोटींत दिल्या आहेत. इंग्रजी बातमीतला एक ट्रिलियन म्हणजे आपला एक लाख कोटी.)

चीन अजून कम्युनिस्ट आहे की भांडवलशाही झालाय?

शांघायच्या मंडईतला कोबीचा भाव आज कुठलंही मंत्रालय ठरवत नाही. डिसेंबर १९७८मध्ये डेंग शियाओपिंग यांच्या काळात सुधारणा सुरू झाल्या. १९८०च्या दशकात एकाच मालाला दोन भाव असत. पोलाद कारखान्याने ठरलेला कोटा सरकारी भावाने सरकारला द्यायचा आणि वरचा माल बाजारभावाने विकायचा. सरकारी भावाने उचलून बाजारात विकणाऱ्या ओळखीपाळखीच्या मंडळींनी यात हात धुऊन घेतले. पुढे दोन्ही भाव एक झाले. १९९३मध्ये ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’ हे शब्द घटनेत आले.

खासगी क्षेत्राबद्दल चिनी अधिकारी ‘५-६-७-८-९’ असं सूत्र सांगतात: करांत ५० टक्क्यांहून जास्त, जीडीपीत ६०, नव्या तंत्रज्ञानात ७०, शहरी रोजगारात ८० आणि कंपन्यांच्या संख्येत ९० टक्के. हे ढोबळ आकडे आहेत, पण चित्र बरोबर उभं करतात. दुकान खासगी माणसाचं आहे. ज्या जमिनीवर ते उभं आहे, ज्या बँकेतून कर्ज येतं आणि ज्या परवान्यावर ते चालतं, त्या सगळ्याच्या किल्ल्या मात्र सरकारकडे आहेत. म्हणून ‘कम्युनिस्ट की भांडवलशाही’ या प्रश्नापेक्षा ‘कुठली किल्ली कुणाकडे’ हा प्रश्न जास्त कामाचा.

म्हणजे चीनमध्ये सरकार मोठं आणि अमेरिकेत छोटं, बरोबर?

खर्च मोजला तर नाही. केंद्र, राज्य आणि स्थानिक असा सगळा सरकारी खर्च दोन्ही देशांत जीडीपीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो, आणि अमेरिकेचा थोडा वरच भरतो. निवृत्तिवेतन, ज्येष्ठांचा आरोग्यविमा, लष्कर आणि व्याज यांतच वॉशिंग्टनचा बराचसा पैसा संपतो. देशातली सुमारे २८ टक्के जमीनही अमेरिकेच्या संघ सरकारच्या मालकीची आहे, त्यातली बरीचशी पश्चिमेकडचं वाळवंट, जंगल आणि कुरणं.

अमेरिकी सरकार पैसे गोळा करतं, वाटतं, नियम लावतं आणि मोठा गिऱ्हाईक म्हणून खरेदी करतं. चिनी सरकार याशिवाय स्वतः मालक, सावकार आणि जमीनदारही असतं. केंद्राच्या मालकीच्या शंभरच्या आसपास महाकाय कंपन्या (तेल, वीज, दूरसंचार, जहाजबांधणी) २००३मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मालमत्ता आयोगाच्या ताब्यात आहेत. प्रांतांच्या आणि शहरांच्या कंपन्या त्याहून वेगळ्या.

चीनमध्ये जमिनीला एवढं महत्त्व का? आणि ‘स्थानिक सरकारांचं छुपं कर्ज’ म्हणजे काय?

शहरातली जमीन सरकारची आणि खेड्यातली गावसमूहाची. खासगी माणसाला मिळतो तो वापराचा हक्क: घरासाठी ७० वर्षं, कारखान्यासाठी ५०, दुकान-व्यवसायासाठी ४०. एमआयडीसीचा ९५ वर्षांचा किंवा नवी मुंबईत सिडकोचा ६० वर्षांचा भाडेपट्टा ज्याने पाहिलाय त्याला ही कल्पना नवी नाही. फरक इतकाच की चीनमध्ये अख्खं शहर सिडकोच्या भूखंडावर उभं आहे.

या जमिनीचा पैशाशी संबंध १९९४च्या करसुधारणेपासून घट्ट झाला. मूल्यवर्धित कराचा ७५ टक्के हिस्सा बीजिंगने स्वतःकडे घेतला. एका वर्षात महसुलातला केंद्राचा वाटा २२ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांच्या वर गेला. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा खर्च मात्र शहरांच्याच गळ्यात राहिला, आणि कायद्याने शहरांना कर्जरोखे काढायलाही बंदी होती. मग शहरांनी वाट काढली:

१. शहर शेतजमीन संपादित करतं, पण भरपाई शेतीच्या उत्पन्नावरून देतं.
२. रस्ता, पाणी, वीज आणून ती जमीन ‘तयार’ करतं. त्यासाठी पालिकेच्या मालकीची एक कंपनी काढतं.
३. ती कंपनी जमीन बँकेकडे तारण ठेवून कर्ज घेते. कर्ज कंपनीच्या नावावर, त्यामुळे पालिकेच्या अंदाजपत्रकात ते दिसत नाही.
४. कारखान्यासाठी जमीन जवळजवळ फुकट देतात, कारण पुढे कर आणि रोजगार मिळतो. घरांसाठीची जमीन चढ्या लिलावात विकतात.
५. लिलावाच्या पैशातून कर्जाचा हप्ता भरतात आणि पुढची जमीन तयार करायला घेतात.

जमिनीचा भाव चढता असेपर्यंत हे चक्र सुरेख फिरतं. २००८च्या मंदीत बीजिंगने ४ लाख कोटी युआनचं पॅकेज जाहीर केलं तेव्हा खर्चाचा मोठा भाग याच कंपन्यांतून गेला. २०२१मध्ये जमीनविक्रीतून सुमारे ८.७ लाख कोटी युआन आले होते, २०२४मध्ये जेमतेम ४.९ लाख कोटी. हप्ते मात्र तेच. शेवटी नोव्हेंबर २०२४मध्ये बीजिंगने १० लाख कोटी युआनचं छुपं कर्ज अधिकृत रोख्यांत बदलून घ्यायची योजना आणली. कर्ज माफ झालं नाही, व्याज कमी झालं आणि मुदत लांबली.

अमेरिकेत शहरं रोखे उघडपणे काढतात. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी मतदारांची मंजुरी लागते, आणि पैसे संपले तर शहर कोर्टात दिवाळखोरीही मागू शकतं. डेट्रॉइटने २०१३मध्ये मागितली. चीनमध्ये शहराला दिवाळखोर व्हायची सोय नाही.

एव्हरग्रांड ही चिनी बिल्डर कंपनी बुडाली ती सरकारमुळे की सरकार असूनही?

दोन्ही. बिल्डर लिलावात जमीन घ्यायचे, इमारत उभी राहण्याआधी फ्लॅट विकून पूर्ण रक्कम वसूल करायचे आणि त्या पैशातून पुढची जमीन घ्यायचे. ऑगस्ट २०२०मध्ये सरकारने ‘तीन लाल रेषा’ आखल्या: ग्राहकांच्या आगाऊ रकमा वगळून देणी मालमत्तेच्या ७० टक्क्यांच्या आत, निव्वळ कर्ज भागभांडवलाच्या १०० टक्क्यांच्या आत आणि हातातली रोकड अल्पमुदतीच्या कर्जाइतकी तरी. जितक्या रेषा ओलांडल्या तितकी नव्या कर्जावर कडक मर्यादा, आणि तिन्ही ओलांडणाऱ्याला कर्ज वाढवायला बंदी. एव्हरग्रांडने तिन्ही ओलांडल्या होत्या. डिसेंबर २०२१मध्ये कंपनी थकबाकीदार ठरली आणि जानेवारी २०२४मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने तिचं दिवाळं काढायचा आदेश दिला.

रोग ओळखला तो बरोबरच होता. पण औषध एका दमात पाजलं, आणि अर्धवट इमारतींत पैसे अडकलेले लोक बँकेचे हप्ते थांबवू लागले. नवे ग्राहक बिचकले, जमिनीचे लिलाव ओस पडले, आणि वरच्या यादीतली पाचवी पायरी निखळली.

चिनी बँका सरकार सांगेल त्याला कर्ज देतात का?

चार सर्वांत मोठ्या बँका सरकारी मालकीच्या आहेत आणि त्यांच्या प्रमुखांच्या नेमणुका कम्युनिस्ट पक्षाच्या हातात. कागदावर व्याजदर मोकळे झालेत: कर्जाच्या दराची खालची मर्यादा २०१३मध्ये गेली, ठेवींच्या दराची वरची २०१५मध्ये. प्रत्यक्षात मध्यवर्ती बँक बँकांना बोलावून ‘या क्षेत्राला जास्त, त्याला कमी’ असं सांगते. त्याचा लेखी आदेश बहुधा निघत नाही. कर्ज अधिकाऱ्याचं गणितही साधं आहे. सरकारी कंपनीचं कर्ज बुडालं तर दोष कुणाचाच नाही, खासगी कंपनीचं बुडालं तर ‘तुला काय मिळालं?’ अशी विचारणा होते. म्हणून खासगी उद्योजकाला जास्त दराने, जास्त तारणावर कर्ज मिळतं.

अमेरिकेत बँका खासगी, पण ठेवीला २.५ लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा आहे. मार्च २०२३मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली तेव्हा सरकारने या मर्यादेवरच्याही सगळ्या ठेवी वाचवल्या. भागधारकांचे पैसे मात्र गेले.

पंचवार्षिक योजना अजून चालतात? कारखानदाराला त्याचं काय?

चालतात. २००६पासून चिनी भाषेतला ‘योजना’साठीचा शब्द बदलून ‘आराखडा’ या अर्थाचा केला आहे. किती टन काय बनवायचं, असं त्यात आता लिहीत नाहीत. ते दिशा दाखवतात. आराखड्यात ‘बॅटरी’ शब्द आला की प्रांत आपापला बॅटरी आराखडा काढतो, शहर औद्योगिक वसाहत आखतं, सरकारी निधी भांडवल घेऊन येतो. शहराच्या पक्षसचिवाची बढती वाढ, गुंतवणूक आणि प्रदूषणासारख्या निकषांवर ठरते. त्यामुळे शेजारच्या शहरात कारखाना आला आणि आपल्याकडे नाही, हे त्याला परवडत नाही.

यातूनच अतिरिक्त क्षमता येते. एकाच मालाचे कारखाने दहा प्रांतांत उभे राहतात आणि तोट्यातला कारखाना बंद पडू नये म्हणून स्थानिक सरकारच त्याला टेकू देतं. जगातल्या कच्च्या पोलादाचा निम्म्याहून अधिक भाग चीनमध्ये बनतो. सौर पॅनेलच्या प्रत्येक टप्प्यात त्याचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. या जीवघेण्या भावयुद्धाला चिनी लोक ‘नेइचुआन’ म्हणतात, म्हणजे आतल्या आत पिळवटत जाणं. आता खुद्द सरकारच त्याविरुद्ध मोहीम चालवतंय.

इलेक्ट्रिक गाड्यांत चीन पुढे गेला तो फक्त अनुदानामुळे?

केंद्राचं खरेदी अनुदान २००९च्या सुमारास सुरू झालं आणि २०२२अखेर बंद झालं. पण नुसतं अनुदान किती फसवं असतं तेही चीनमध्येच दिसलं. २०१६मध्ये अर्थमंत्रालयाने ५ बसकंपन्यांची नावं जाहीर केली. त्यांनी मिळून १०० कोटी युआनहून अधिक अनुदान लाटलं होतं. काही बसगाड्यांची बॅटरी न बसवताच नोंदणी झाली होती.

खरी चाल इतर तीन ठिकाणी होती. पहिली, नंबर प्लेट. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची प्लेट लिलावात घ्यावी लागते आणि ती ९० हजार युआनच्या आसपास जाते. पूर्ण बॅटरीवरच्या गाडीला हिरवी प्लेट फुकट. ग्राहक शोरूममध्ये उभा असताना हा फरक कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा ठरतो. दुसरी, बॅटरी पुरवठादारांची मान्यताप्राप्त यादी. २०१५ ते २०१९ अनुदान हवं तर बॅटरी यादीतल्या कंपनीची लागे, आणि कोरियन कंपन्या यादीबाहेर होत्या. सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीला त्या चार वर्षांत घरचं अंगण मोकळं मिळालं. तिसरी, भांडवल घालणारी शहरं.

हफेई हे त्यातलं गाजलेलं नाव. या शहराने २००८मध्ये मेट्रो पुढे ढकलून बीओई कंपनीच्या १,७५० कोटी युआनच्या स्क्रीन कारखान्याला हात दिला. एप्रिल २०२०मध्ये निओ ही मोटार कंपनी गटांगळ्या खात असताना हफेईच्या गुंतवणूकदारांनी ७०० कोटी युआन घातले आणि निओ चायनाचा २४.१ टक्के हिस्सा घेतला. अट अशी की मुख्यालय हफेईत यायला हवं. पुढे निओचा भाव वधारला आणि हफेईचं कौतुक झालं.

वुहानचं कौतुक कुणी करत नाही. तिथे २०१७मध्ये होंगशिन नावाच्या चिपकंपनीने १२,८०० कोटी युआनच्या प्रकल्पाचं चित्र रंगवलं. चिप बनवायचा अनुभव प्रवर्तकांना नव्हता, पण ‘चिप’ हा शब्द आराखड्यात होता. महागडं डच यंत्र आलं आणि लगेच बँकेत तारण गेलं. २०२०मध्ये स्थानिक प्रशासनाने कंपनी ताब्यात घेतली. चिप एकही निघाली नाही.

खासगी कंपनीत पक्षाची शाखा काय करते?

तीन किंवा अधिक पक्षसदस्य असतील तर शाखा काढावी, असा पक्षाचा नियम आहे, आणि कंपनी कायदा त्यासाठी सोय करून द्यायला सांगतो. छोट्या कंपनीत ही शाखा बैठका आणि फलक यापलीकडे फार जात नाही. सरकारी कंपनीत मोठा निर्णय आधी पक्षसमितीत चर्चेला येतो आणि मग संचालक मंडळासमोर.

‘सोनेरी शेअर’ ही वेगळी चीज आहे. २०२१मध्ये टिकटॉकवाल्या बाइटडान्सच्या बीजिंगमधल्या एका उपकंपनीत सरकारशी जोडलेल्या संस्थेने फक्त १ टक्का हिस्सा घेतला, पण तीनपैकी एक संचालक तिचा. इथे पैसा गौण असतो, खुर्ची महत्त्वाची.

सरकार एखाद्या कंपनीवर उलटलं तर दाद कुठे मागायची?

दोन्ही देशांतलं सर्वांत मोठं अंतर आमच्या मते इथे आहे.

२४ ऑक्टोबर २०२०ला अलिबाबा या ऑनलाइन विक्री कंपनीचे संस्थापक जॅक मा यांनी शांघायच्या एका परिषदेत चिनी बँकांची मनोवृत्ती सावकारी दुकानासारखी असल्याची टीका केली. त्यांच्या अँट ग्रुप या वित्त कंपनीचे शेअर ५ नोव्हेंबरला बाजारात यायचे होते, सुमारे ३,४०० कोटी डॉलरची विक्री. ३ नोव्हेंबरला ती थांबवली गेली. एप्रिल २०२१मध्ये अलिबाबाला मक्तेदारीबद्दल सुमारे १,८२३ कोटी युआन दंड झाला. कंपनीने तो निमूटपणे भरला. त्याच जुलैमध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमवायला बंदी आली आणि एक अख्खा उद्योग रातोरात आडवा झाला.

आता अमेरिका. एप्रिल १९५२, कोरियन युद्ध सुरू, पोलाद कामगारांचा संप तोंडावर. अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घ्यायचा आदेश काढला. कंपन्या कोर्टात गेल्या. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आदेश रद्द केला आणि ट्रुमन यांना कारखाने परत करावे लागले. युद्ध चालू असताना. अमेरिकी सरकारला त्यामुळे कामं उशिरा आणि महागात पडतात, हेही तितकंच खरं.

अमेरिका तर मुक्त बाजारवाली, तिला उद्योगधोरण कशाला?

तिला ते १७९१पासून आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी त्या वर्षी नव्या कारखान्यांना संरक्षण आणि अनुदान द्यावं असा अहवाल काँग्रेसला दिला. रेल्वे कंपन्यांना फुकट जमिनी मिळाल्या. इंटरनेटचं मूळ असलेलं आर्पानेट आणि जीपीएस लष्कराच्या पैशातून आलं. टेस्लाने २०१०मध्ये ऊर्जा विभागाकडून ४६.५ कोटी डॉलर कर्ज घेतलं आणि २०१३मध्ये मुदतीआधी फेडलं. त्याच विभागाने हमी दिलेले ५३.५ कोटी डॉलर घेऊन सोलिंड्रा ही सौर पॅनेल कंपनी २०११मध्ये बुडाली. लोकांच्या लक्षात सोलिंड्राच राहिली.

२०२२च्या चिप्स कायद्यात ५,२७० कोटी डॉलर होते, त्यातले ३,९०० कोटी कारखान्यांसाठी. पैसा हातात पडायची वाट बघण्यासारखी आहे. अर्ज, मग प्राथमिक करार, मग छाननी, मग अंतिम करार, आणि त्यानंतरही हप्त्याहप्त्याने: पाया झाला, यंत्र बसलं, माल निघाला, तसे पैसे सुटतात. १५ कोटी डॉलरहून जास्त मागणाऱ्याला कामगारांच्या मुलांच्या पाळणाघराची योजना द्यावी लागे. चीनमध्ये प्रगत चिप्सची क्षमता १० वर्षं वाढवायची नाही, ही आणखी एक अट. कायदा ऑगस्ट २०२२चा, आणि बहुतेक मोठे अंतिम करार २०२४च्या शेवटी झाले. चीनच्या चिपनिधीच्या तिसऱ्या टप्प्यात, मे २०२४मध्ये, ३४,४०० कोटी युआन जमले. ते भागभांडवल म्हणून जातात, अनुदान म्हणून नाही.

अमेरिकेतली राज्यंही कारखान्यांसाठी भांडतात ना?

भांडतात, आणि फसतातही. २०१७मध्ये विस्कॉन्सिनने फॉक्सकॉनला सुमारे ३०० कोटी डॉलरच्या सवलती कबूल केल्या. बदल्यात १,००० कोटी डॉलर गुंतवणूक आणि १३ हजार नोकऱ्या यायच्या होत्या. ठरलेला स्क्रीन कारखाना आलाच नाही. २०२१मध्ये करार ८ कोटी डॉलरपर्यंत आखडला. सवलत नोकऱ्या दिल्यावरच मिळणार होती, म्हणून राज्य थोडक्यात वाचलं. रस्ते आणि जमिनीवर स्थानिक प्रशासनाने आधीच केलेला खर्च मात्र झालाच होता.

मग वेगवान रेल्वे चीनमध्ये होते आणि कॅलिफोर्नियात का नाही?

बीजिंग–शांघाय हा १,३१८ किमीचा मार्ग जून २०११मध्ये सुरू झाला. २०२४अखेर चीनचं वेगवान रेल्वेचं जाळं ४८ हजार किमीवर गेलं. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८मध्ये ९९५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. तेव्हाचा अंदाज ३,३०० कोटींचा आणि मुदत २०२०ची होती. आता अंदाज १०,००० कोटींच्या पुढे आहे आणि एकही गाडी धावलेली नाही.

कारणं ठरलेली आहेत. एकेक भूखंड बाजारभावाने विकत घ्यावा लागतो, पर्यावरण अहवालावर कोणीही दावा ठोकू शकतो आणि पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागतो. चीनमध्ये जमीन, बँक, रेल्वे आणि बांधकाम कंपनी एकाच मालकाच्या. त्याची किंमतही आहे: रेल्वे महामंडळाची देणी सुमारे ६ लाख कोटी युआन आहेत, २०११मध्ये वेन्झोऊच्या अपघातात ४० जण गेले आणि तेव्हाचे माजी रेल्वेमंत्री लाचखोरीत अडकले.

अमेरिकाच आता चीनसारखी होतेय का?

२००९मध्ये सरकारने जनरल मोटर्सचा सुमारे ६१ टक्के हिस्सा घेतला, पण तोंड कडू करून. २०१३मध्ये सगळे शेअर विकून, सुमारे १,००० कोटी डॉलरचा तोटा सोसून ते बाहेर पडलं. २०२५चा सूर वेगळा आहे. ऑगस्टमध्ये ८९० कोटी डॉलरच्या बदल्यात इंटेलचा सुमारे १० टक्के हिस्सा सरकारने घेतला. हे पैसे मुख्यतः आधीच कबूल केलेल्या अनुदानाचेच होते. जुलैमध्ये संरक्षण विभागाने एमपी मटेरियल्स या दुर्मीळ खनिजांच्या कंपनीत ४० कोटी डॉलर घातले आणि चुंबकाच्या कच्च्या मालाला किलोमागे किमान ११० डॉलर भावाची हमी दिली. आपल्याकडचा हमीभाव आठवावा असाच प्रकार. यूएस स्टील जपानच्या निप्पॉन स्टीलकडे जाताना सरकारने सोनेरी शेअर ठेवून घेतला.

साम्य आहेच. मात्र इंटेलच्या संचालक मंडळावर सरकारचा माणूस नाही आणि कराराचे कागद शेअर बाजार नियामकाकडे कुणालाही वाचता येतात.

महाराष्ट्रात याचा कुठे संबंध आला?

तळेगावला. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना घ्यायचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटरने जानेवारी २०२०मध्ये केला. एप्रिल २०२०मध्ये भारताने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. मंजुरी आली नाही, २०२२मध्ये करार संपला आणि २०२३मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. खासगी चिनी कंपनीसुद्धा तिच्या सरकारपासून कितपत वेगळी, या शंकेची किंमत ती कंपनी अशी भरते.

एखादी कंपनी किती सरकारी आहे हे कसं तपासायचं?

चिनी कंपनी असेल तर वार्षिक अहवालात पहिल्या दहा भागधारकांची यादी बघा. नावात ‘सरकारी मालमत्ता’, ‘गुंतवणूक गट’ किंवा शहराचं नाव असेल तर त्या भागधारकाचा भागधारक कोण, असं वर वर चढत जा. बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर पालिका भेटते. मग ‘इतर उत्पन्न’ या सदरात सरकारी अनुदानाचा आकडा शोधा आणि निव्वळ नफ्याशी ताडून पाहा. अध्यक्षच पक्षसमितीचा सचिव आहे का, हे संचालकांच्या परिचयात लिहिलेलं असतं.

अमेरिकी कंपनीसाठी संघ सरकारच्या खर्चाच्या खुल्या संकेतस्थळावर तिचं नाव टाका, कंत्राटं आणि अनुदानं दिसतील. राज्यांनी दिलेल्या करसवलती तिथे सापडत नाहीत. त्या राज्याच्या विकास महामंडळाच्या कागदांत शोधाव्या लागतात, आणि काही ठिकाणी माहितीच्या अधिकारासारखा अर्ज करूनच मिळतात.